आतड्यातल्या शत्रूचा पाठलाग : वाल्डेमार हाफकिन

मुंबईत परळला हाफकिन संस्था आहे, हे मराठी घरात बहुतेकांना माहीत असते. सर्पदंशावरचे औषध आणि पोलिओचे डोस यांमुळे ते नाव कानावरून गेलेले असते. पण ज्याच्या नावाने ही संस्था ओळखली जाते तो माणूस कोण, असे विचारले तर बरेच जण 'कुणीतरी इंग्रज साहेब' एवढेच सांगतात. हाफकिन इंग्रज नव्हते आणि वैद्यकीय डॉक्टरही नव्हते. ते प्राणिशास्त्र शिकलेले होते, आणि त्यांची पहिली मोठी लढाई माणसाच्या आतड्यात शिरणाऱ्या एका जिवाणूशी होती.

वाल्डेमार हाफकिन यांचा जन्म 15 मार्च 1860 रोजी काळ्या समुद्राकाठच्या ओडेसा शहरात एका ज्यू कुटुंबात झाला. तेव्हा हे शहर रशियन साम्राज्यात होते, आज ते युक्रेनमध्ये आहे. तिथल्या विद्यापीठात इल्या मेचनिकॉव्ह हे त्यांचे गुरू होते. ज्यू वस्त्यांवर जमाव चालून येत, तेव्हा हाफकिन वस्तीच्या रक्षणासाठी उभे राहिले. त्यात ते जखमी झाले आणि त्यांना अटकही झाली. पुढे, धर्म बदलला तर विद्यापीठात बढतीचा मार्ग मोकळा होईल, असे त्यांना सुचवण्यात आले. त्यांनी नकार दिला. 1888 मध्ये त्यांनी देश सोडला आणि 1889 मध्ये ते पॅरिसच्या पाश्चर संस्थेत पोहोचले. तिथे रिकामी जागा होती ती फक्त ग्रंथालयात, साहाय्यकाची. ती त्यांनी घेतली आणि उरलेल्या वेळात प्रयोगशाळेत काम सुरू केले.

त्या काळी जगाला सर्वांत जास्त धास्ती होती ती कॉलऱ्याची. आपल्याकडे याला पटकी किंवा महामारी म्हणत. साथ आली की गावोगावी मरीआईचा गाडा शिवेबाहेर नेऊन सोडत. फौजाही यातून सुटत नसत. 1817 मध्ये लॉर्ड हेस्टिंग्ज पेंढाऱ्यांविरुद्ध मोहिमेवर निघाला असताना बुंदेलखंडात त्याच्या छावणीत कॉलरा पसरला. लढाई न होताच हजारो माणसे गेली आणि छावणी दुसरीकडे हलवावी लागली.

रॉबर्ट कॉख यांनी 1883-84 मध्ये इजिप्त आणि कलकत्त्यात या रोगाचा स्वल्पविरामासारखा वाकडा जिवाणू शोधून दाखवला होता. हाफकिन यांनी त्याचीच लस करायचे ठरवले. गिनिपिगच्या पोटाच्या पोकळीतून तो जिवाणू एकातून दुसऱ्यात असा पुन्हा पुन्हा नेत त्यांनी अतिशय जहाल वाण तयार केला. दुसरीकडे 39 अंश तापमानात, सतत हवा देऊन त्यांनी जिवाणू वाढवला आणि त्याचा सौम्य वाण मिळवला. आधी सौम्य लस टोचायची आणि काही दिवसांनी जहाल, अशी त्यांची पद्धत होती. प्राण्यांवर ती यशस्वी ठरली. माणसावर पहिला प्रयोग त्यांनी 18 जुलै 1892 रोजी स्वतःवर केला. ताप आला, अंग दुखले, पण काही दिवसांत ते बरे झाले.

खरी परीक्षा मात्र जिथे कॉलरा आहे तिथेच होणार होती. मार्च 1893 मध्ये ते कलकत्त्याला आले. पुढच्या वर्षी तिथल्या काठालबागान वस्तीत कॉलरा झाला. वस्तीत सुमारे 200 माणसे होती, त्यांपैकी 116 जणांनी लस घेतली. नंतर जे आजारी पडले ते सगळे लस न घेतलेल्यांपैकी होते.

आपण कॅडेट्सनी लक्षात ठेवावी अशी गोष्ट त्याच वर्षी लखनौला घडली. तिथल्या ईस्ट लँकेशायर पलटणीत कॉलरा शिरला. लस न घेतलेल्या 640 जणांपैकी 120 आजारी पडले आणि 79 दगावले. लस घेतलेल्या 133 जणांपैकी 18 आजारी पडले आणि 13 दगावले. म्हणजे शंभरातले साधारण 19 आणि 14. फरक होता, पण फारच थोडा. हे आकडे हाफकिन यांनी झाकून ठेवले नाहीत. यशाच्या आकड्यांबरोबर तेही त्यांनी जाहीरपणे मांडले आणि कारण शोधू लागले. त्या सैनिकांना दिलेली मात्रा कमी होती आणि लस टोचून वर्ष उलटून गेले होते. 1895 पर्यंत त्यांनी सुमारे 42,000 लोकांना लस टोचली. त्यातच त्यांना मलेरियाने गाठले.

इंजेक्शनचा असर लवकर का ओसरत असे, हे समजायला बराच काळ जावा लागला. कॉलऱ्याचा जिवाणू सहसा रक्तात शिरत नाही. तो लहान आतड्याच्या आतल्या अस्तराला चिकटून बसतो आणि तिथे विष सोडतो. त्या विषामुळे अस्तराच्या पेशी शरीरातले पाणी आणि क्षार आतड्यात ओतू लागतात. तीव्र आजारात तासाला एक लिटरपर्यंत पाणी जाऊ शकते आणि रोगी काही तासांत सुकून जातो. ही विषाची गोष्ट 1959 मध्ये कलकत्त्याच्या शंभुनाथ डे यांनी दाखवून दिली. त्यांनी सशाच्या आतड्याचा एक भाग दोऱ्याने दोन्हीकडून बांधला आणि त्यात जिवाणू गाळून काढलेले द्रव सोडले. जिवाणू नसतानाही तो भाग पाण्याने फुगला. दंडात टोचलेल्या लसीमुळे पहारा बसतो तो मुख्यतः रक्तात, आणि शत्रू तर आतड्यात. म्हणूनच कॉलऱ्याची आजची लस तोंडावाटे देतात. हाफकिन यांच्या हाती हे ज्ञान नव्हते, तरी लखनौचे आकडे त्यांना याच अडचणीकडे बोट दाखवत होते.

1896 च्या सप्टेंबरमध्ये मुंबईत मांडवीला प्लेग सापडला आणि सरकारने हाफकिन यांना बोलावून घेतले. ग्रँट मेडिकल कॉलेजात एक खोली, एक व्हरांडा, एक कारकून आणि तीन शिपाई एवढ्यावर काम सुरू झाले. जिवाणू वाढवायला मांसाचे पाणी लागते. ते त्यांनी बकऱ्याच्या मांसाचे केले, म्हणजे गोमांस किंवा डुकराच्या मांसावरून कुणाला हरकत राहणार नाही. वर तुपाचे थेंब तरंगत सोडले. त्या थेंबांना धरून जिवाणू छताला लोंबावेत तसे खाली वाढत. तीन महिन्यांत लस तयार झाली आणि 10 जानेवारी 1897 रोजी ती त्यांनी आधी स्वतःला टोचून घेतली. मग भायखळ्याच्या तुरुंगात, स्वखुशीने पुढे आलेल्या कैद्यांना. इथेही लस घेतलेले आणि न घेतलेले असे दोन गट करून त्यांनी मोजणी केली, आणि लस उपयोगी ठरली. त्याच वर्षी 10 मार्चला पुण्यात प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाई फुले गेल्या. पुढच्या वर्षी प्लेग आपल्या बंगळुरूतही आला. मल्लेश्वरम आणि बसवनगुडी या वस्त्या त्या साथीनंतरच वसल्या. 1899 मध्ये हाफकिन यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये गेली.

नंतर मोठा आघात झाला. 30 ऑक्टोबर 1902 रोजी पंजाबातल्या मुलकोवाल गावात 107 जणांना लस टोचली. त्यांपैकी एकाच बाटलीतली लस मिळालेले 19 जण धनुर्वाताने मेले. चौकशी समितीने दोष प्रयोगशाळेवर ठेवला आणि हाफकिन यांना पदावरून दूर केले. त्यांनी कागदपत्रे गोळा केली आणि पुराव्यांवर बोट ठेवले. गावात बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला होता. बाटलीत आधीपासून धनुर्वाताचे जंतू वाढले असते, तर उघडताना दुर्गंधी आली असती. तशी ती आल्याची नोंद नव्हती. 1907 मध्ये मलेरियावरच्या संशोधनासाठी नोबेल मिळालेले रोनाल्ड रॉस आणि इतर नामवंत शास्त्रज्ञ त्यांच्या बाजूने जाहीरपणे उभे राहिले, तेव्हा कुठे त्यांच्यावरचा ठपका दूर झाला. पाच वर्षे गेली होती. परळची जागा त्यांना परत मिळाली नाही. तरीही ते भारतात परतले आणि कलकत्त्याला 1914 पर्यंत काम करत राहिले. 1925 मध्ये परळच्या प्रयोगशाळेला त्यांचे नाव देण्यात आले. 26 ऑक्टोबर 1930 रोजी स्वित्झर्लंडमधल्या लोझानला त्यांचे निधन झाले.

त्यांचे गुरू मेचनिकॉव्ह यांना 1908 मध्ये नोबेल मिळाले. उतारवयात ते सांगत की आतड्यातले काही जिवाणू माणसाला म्हातारे करतात आणि आंबवलेल्या दुधातले जिवाणू त्यांना आवर घालतात. त्यांचे सगळेच म्हणणे टिकले नाही, पण आतड्यातल्या जिवाणूंमध्ये शत्रू असतात तसे मित्रही असतात, हे आज पक्के ठाऊक आहे. मेसमध्ये दह्याची वाटी बाजूला सारणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यायला हरकत नाही.

हाफकिन यांचे धैर्य सांगताना लोक त्यांनी स्वतःला टोचून घेतलेल्या सुईबद्दल बोलतात. ते खरेच आहे. पण मला लखनौचे ते 18 आणि 13 हे आकडे जास्त मोठे वाटतात. परक्या देशात, पाठीशी कुणी नसताना, आपल्याच लसीच्या विरुद्ध जाणारे आकडे त्यांनी स्वतः सर्वांसमोर ठेवले. फायरिंग रेंजवर आपण टार्गेटवरची भोके मोजतो, तेव्हा बाहेर गेलेली गोळीही मोजावीच लागते. तिच्यावरूनच पुढचा नेम कळतो.

– एक कॅडेट, इयत्ता दहावी, येलहंका