मळ्यातली वारी

आषाढीला आम्ही दिंडीबरोबर निघतो, तेव्हा घरचे कोणीतरी पेरणीपायी मागे राहतेच. त्याची वारी चुकली, असे आम्ही सहज बोलून जातो. अरणचे सावता महाराज तर मळ्यातच राहिले. पंढरी काही फार लांब नव्हती. पण पाणी चुकलं तर भाजी वाळते, हे माळ्याला कुणी सांगावं लागत नाही. वाफ्यात पाणी वळविताना मुखी नाम चाले. दारी आलेला वाटसरू उपाशी जात नसे, असे जुने लोक सांगतात. आळशाने मात्र हा दाखला घेऊ नये! त्यांचे अभंग काशिबा गुरवांनी लिहून ठेवले. ३७ आज मिळतात. शके १२१७, म्हणजे इ.स. १२९५ साली, आषाढ वद्य चतुर्दशीस त्यांनी अरणलाच देह ठेवला. इतर संतांच्या पालख्या पंढरीला जातात. अरणला मात्र खुद्द पांडुरंगाची पालखी येते.