विश्लेषण : संसदीय समितीपुढे कुणाला बोलवायचे, हे कोण ठरवते? मावळंकरांनी कोणती घडी बसवली?

संसदीय समितीने अमुक खात्याच्या सचिवांना पाचारण केले, अशी बातमी अधूनमधून येते. त्या दिवशी कोणी काय विचारले, याची चर्चा होते. पण समितीचे निम्मे काम त्या बैठकीच्या कितीतरी आधी झालेले असते. विषय कोणता घ्यायचा, कागद कोणते मागवायचे, आधी कुणाचे ऐकायचे आणि शेवटी कुणाला समोर बसवायचे, हे सारे आधीच ठरते. एके काळी ज्या सरकारची तपासणी व्हायची, त्याच सरकारचा या सगळ्यावर वरचष्मा होता. हे काम संसदेच्या हाती आले, तेव्हा अध्यक्षांच्या आसनावर होते गणेश वासुदेव ऊर्फ दादासाहेब मावळंकर.

मावळंकर कोण होते?

लोकसभेचे पहिले अध्यक्ष म्हणून त्यांचे नाव सर्वांना माहीत असते. घराणे मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातील संगमेश्वर तालुक्यातले, मावळंगे गावचे. दादासाहेबांचा जन्म मात्र २७ नोव्हेंबर १८८८ रोजी बडोद्यात झाला. सुरुवातीचे काही शिक्षण राजापूरला आणि १९०२ पासून पुढचे अहमदाबादेत. मुंबईतून कायद्याची पदवी घेऊन १९१३ मध्ये त्यांनी अहमदाबादेत वकिली सुरू केली. घरची भाषा मराठी, कर्मभूमी गुजरात, असे त्यांचे आयुष्य गेले.

वकिलीबरोबर सार्वजनिक कामही सुरू झाले. गुजरात सभेचे ते चिटणीस होते. १९१८ च्या खेडा सत्याग्रहात या सभेचा मोठा वाटा होता. तिथला वाद मुळात आकड्यांचा होता. पीक चार आण्यांपेक्षा कमी आले, तर त्या वर्षीची शेतसारा वसुली थांबवावी, असा नियम होता. शेतकरी म्हणत पीक त्याहून कमी आहे, सरकारी अधिकारी म्हणत जास्त आहे. सभेच्या कार्यकर्त्यांनी गावोगाव जाऊन चौकशी केली. अंदाज कुणाचा धरायचा आणि त्यासाठी कुणाला विचारायचे, हाच प्रश्न पुढे वेगळ्या रूपात मावळंकरांसमोर दिल्लीत आला.

पुढे ते अहमदाबाद नगरपालिकेचे अध्यक्ष झाले. स्वातंत्र्यलढ्यात अनेकदा तुरुंगात गेले. तुरुंगात भेटलेल्या कैद्यांच्या कहाण्या त्यांनी ऐकल्या आणि त्यावर ‘मानवतानां झरणां’ हे गुजराती पुस्तक लिहिले.

अध्यक्षपदापर्यंत कसे पोहोचले?

१९३७ ते १९४६ या काळात ते मुंबई विधानसभेचे अध्यक्ष होते. जानेवारी १९४६ मध्ये दिल्लीच्या मध्यवर्ती विधिमंडळाच्या अध्यक्षपदासाठी काँग्रेसने त्यांना उभे केले. समोर सर कावसजी जहांगीर होते. मावळंकरांना ६६ मते मिळाली आणि कावसजींना ६३. अवघ्या तीन मतांनी ते निवडून आले.

स्वातंत्र्यानंतर घटना समिती कायदेमंडळ म्हणून बसे, तेव्हा तिचे अध्यक्षपद त्यांच्याकडे होते. नंतर हंगामी संसदेचे आणि १५ मे १९५२ पासून पहिल्या लोकसभेचे अध्यक्षपद त्यांनी सांभाळले. लोकसभेतील त्या निवडणुकीत त्यांच्याविरुद्ध शेतकरी कामगार पक्षाचे शंकरराव मोरे उभे होते. म्हणजे लोकसभेच्या अध्यक्षपदाची पहिली लढत दोन मराठी माणसांत झाली. मावळंकरांना ३९४ आणि मोरे यांना ५५ मते पडली.

१९५० पूर्वी समित्या कशा चालत?

सरकारी खर्चाचे हिशेब तपासणारी लोकलेखा समिती १९२१ पासून होती. पण तिचे अध्यक्ष होते खुद्द सरकारचे अर्थ सदस्य. समितीचे कार्यालयीन काम अर्थ खातेच बघत असे. ज्याने खर्च केला, त्यानेच चौकशीचे अध्यक्षपद भूषवायचे आणि कागदही त्यानेच मांडायचे, असा हा प्रकार. सदस्यांना मोकळेपणाने टीका करणे अवघड जाई. ही पद्धत स्वातंत्र्यानंतरही १९४९ पर्यंत टिकली.

नेमका बदल काय झाला?

२६ जानेवारी १९५० रोजी राज्यघटना लागू झाली. संसद स्वतःचे नियम करीपर्यंत जुन्या नियमांत आवश्यक ते फेरफार करण्याचा अधिकार घटनेने अध्यक्षांना दिला होता. मावळंकरांनी तो वापरला. लोकलेखा समिती अध्यक्षांच्या नियंत्रणाखाली आली. समितीचे प्रमुख नेमण्याचा अधिकार अध्यक्षांकडे आला आणि मंत्र्यांना समितीत जागा उरली नाही.

एप्रिल १९५० मध्ये अंदाज समिती अस्तित्वात आली. लोकलेखा समिती झालेल्या खर्चाचा हिशेब घेते. अंदाज समिती त्याआधीच्या टप्प्यावर विचारते, की हेच काम कमी पैशांत किंवा अधिक चांगल्या व्यवस्थेने होईल का? तिचे पहिले प्रमुख उपाध्यक्ष अनंतशयनम अय्यंगार होते. सुरुवातीला २५ सदस्य होते, १९५६ मध्ये ते ३० झाले. सरकारने सभागृहात दिलेली आश्वासने पाळली का, हे बघणारी समिती आणि कायद्याखाली खात्यांनी केलेले नियम तपासणारी समितीही १९५३ मध्ये मावळंकरांच्याच कारकिर्दीत सुरू झाली.

समिती विषय कसे ठरवते?

अंदाज समितीची मुदत एक वर्षाची असते. त्यामुळे नवी समिती बसली की पहिले काम वर्षभराचे विषय निवडण्याचे. त्यानंतर समितीचे सचिवालय संबंधित मंत्रालयाकडून प्राथमिक माहिती मागवते. ती वाचून प्रश्नावली तयार होते. मंत्रालयाची लेखी उत्तरे येतात, त्यातून पुन्हा नवे प्रश्न निघतात. गरजेनुसार सदस्यांचे अभ्यासगट प्रत्यक्ष जागेवर जाऊन पाहणी करतात.

हे सचिवालय सरकारचे नसून संसदेचे असते. त्याचा पाया १९२९ मध्ये विठ्ठलभाई पटेल यांनी विधिमंडळासाठी स्वतंत्र कार्यालय मिळवून घातला होता. प्रश्नावली कोण लिहितो, यावर उत्तरांचा दर्जा ठरतो. म्हणून या स्वतंत्र कार्यालयाला महत्त्व आहे.

साक्षीदारांचा क्रम का महत्त्वाचा?

सर्वसाधारण पद्धत अशी, की आधी लेखी माहिती, मग तज्ज्ञ, संस्था आणि ज्यांच्यावर धोरणाचा परिणाम होतो अशा लोकांचे म्हणणे, आणि नंतर मंत्रालयाच्या सचिवांची साक्ष. यामागे साधे तर्कशास्त्र आहे. सचिव समोर बसतात, तेव्हा बाहेरच्यांनी काय सांगितले हे सदस्यांना माहीत असते. क्रम उलटा झाला, तर सरकारची बाजू ऐकून समिती आपले मत बनवते आणि नंतर आलेल्यांचे ऐकणे उपचारापुरते उरते.

नियमांनुसार साक्षीदाराला बोलावण्यापूर्वीच चौकशीची पद्धत आणि प्रश्नांचे स्वरूप समिती ठरवते. सुरुवातीला प्रमुख प्रश्न विचारतात, नंतर सदस्य. विचारले न गेलेले पण महत्त्वाचे मुद्दे मांडण्याची संधी साक्षीदाराला देता येते. साक्षीची शब्दशः नोंद होते. एखादी साक्ष किंवा कागद विषयाशी संबंधित आहे की नाही, असा वाद झाला तर अंतिम निर्णय लोकसभा अध्यक्षांचा असतो. अंदाज समितीपुढे मंत्र्यांना साक्षीला बोलावत नाहीत; उत्तर अधिकारी देतात.

संसद सदस्याचीच चौकशी झाली तेव्हा?

१९५१ मध्ये मुंबईचे सदस्य एच. जी. मुद्गल यांच्यावर सराफा व्यापाऱ्यांच्या संघटनेकडून पैसे घेऊन संसदेत तिचे काम केल्याचा आरोप झाला. टी. टी. कृष्णम्माचारी यांच्या अध्यक्षतेखाली पाच सदस्यांची समिती नेमली गेली. मुद्गल यांना वकिलाची मदत घेण्याची आणि साक्षीदारांची उलटतपासणी करण्याची मुभा मिळाली. समितीचा निष्कर्ष त्यांच्याविरुद्ध गेला. हकालपट्टीचा ठराव मंजूर होण्याआधीच, सप्टेंबर १९५१ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. ज्याच्यावर आरोप आहे त्यालाही पुरेसे ऐकून घ्यायचे, हा धडा या प्रकरणाने घालून दिला.

या व्यवस्थेच्या मर्यादा कोणत्या?

पहिली, समितीच्या शिफारशी सरकारवर बंधनकारक नसतात. काय कारवाई केली, हे मात्र सरकारला कळवावे लागते आणि त्यावर समिती पुन्हा अहवाल देते. दुसरी, राज्याच्या सुरक्षिततेला किंवा हिताला बाधा येईल, असे कारण देऊन सरकार एखादा कागद देण्यास नकार देऊ शकते. तिसरी, एक वर्षाची मुदत. विषय निवडीत आणि माहितीची वाट पाहण्यात महिने गेले, तर साक्षीसाठी वेळ कमी उरतो. चौथी, साक्षी बंद दाराआड होतात आणि सभागृहात मांडल्या जाईपर्यंत गोपनीय राहतात. त्यामुळे अधिकारी मोकळे बोलतात आणि सदस्यही पक्ष बाजूला ठेवू शकतात, पण कुणाला बोलावलेच नाही, हे लोकांना कळायला वेळ लागतो.

मावळंकरांवरही टीका झाली. डिसेंबर १९५४ मध्ये त्यांना पदावरून हटवण्याचा ठराव विरोधकांनी आणला, तो फेटाळला गेला. पण ते सरकारच्या मर्जीत राहणारे अध्यक्ष नव्हते. ऊठसूट वटहुकूम काढणे संसदेच्या दृष्टीने योग्य नाही, हे त्यांनी पंतप्रधान नेहरूंना पत्र लिहून स्पष्ट कळवले होते.

आज त्याचे काय उरले?

२७ फेब्रुवारी १९५६ रोजी, अध्यक्षपदावर असतानाच, वयाच्या ६७ व्या वर्षी मावळंकरांचे निधन झाले. त्यांच्या काळातील घडी पुढे विस्तारत गेली. १९६७ पासून लोकलेखा समितीचे प्रमुखपद विरोधी पक्षाकडे देण्याचा प्रघात पडला. १९९३ मध्ये खात्यांनुसार १७ स्थायी समित्या आल्या, २००४ मध्ये त्या २४ झाल्या. महाराष्ट्र विधिमंडळातही लोकलेखा आणि अंदाज समित्या आहेत.

मावळंकरांच्या काळात हे अधिकार सभागृहाकडे आले, पण ते वापरायचे की नाही, हे प्रत्येक समितीवर अवलंबून असते. म्हणून एखाद्या समितीचा अहवाल हाती आला, तर शिफारशींआधी त्यातील साक्षीदारांची यादी वाचावी. यादीत फक्त अधिकारी असतील, तर समितीने सरकारचेच म्हणणे ऐकले. ज्यांच्यासाठी योजना आखली, त्यांच्यापैकी कुणी तिथे दिसत असेल, तर चौकशी खरोखर झाली असे समजायला हरकत नाही.