डॉक्टर सेमेलवाइस

हंगेरी देशांतील बूडा नगरीं १८१८ सालीं जन्मलेल्या इग्नाझ सेमेलवाइस यांचें चरित्र आम्ही आज थोडक्यांत देतों.

१८४६ सालीं ते व्हिएन्ना येथील मोठ्या इस्पितळांत प्रसूतिविभागाचे साहाय्यक झाले. तेथें दोन विभाग होते. एकांत सुइणी शिकत, दुसऱ्यांत वैद्यकाचे विद्यार्थी. आणि विद्यार्थ्यांच्या विभागांत त्या वर्षीं शंभरांत अकरांहून अधिक माता दगावल्या. १८४७ सालीं शवविच्छेदनाच्या वेळीं सुरी लागून त्यांचे मित्र कोलेच्का तशाच रोगानें वारले. तेव्हां त्यांस उमगलें कीं, शवगृहांतून येणारे आपले हातच मृत्यु वाहून आणतात. मे महिन्यापासून त्यांनीं सर्वांस क्लोरिनयुक्त चुन्याच्या पाण्यानें हात धुण्यास लाविलें व स्वतः देखरेख ठेविली. १८४८ सालीं मृत्यूंचें प्रमाण शंभरांत सुमारें एकावर आलें.

परंतु आपल्या हातांस लागलेला दोष अनेक वैद्यांस रुचला नाहीं. पुढें सेमेलवाइस यांची लेखणीही कठोर झाली. १८६५ सालीं वेड्यांच्या इस्पितळांत, जखम चिघळून, ते वारले. त्यांचें म्हणणें जगानें मागाहून मानिलें.

आज कित्येक इस्पितळांत सोबतीच एकमेकांच्या हातांकडे लक्ष देतात, नोंद ठेवितात व चुकल्यास हळूच आठवण करितात. वाचकहो, खरें ठाऊक असणें पुरेसें नाहीं; तें सोबत्यास गोडीनें सांगतां यावें, आणि सोबत्यानें सांगितलें असतां आपण रागावूं नये, असें आम्हांस वाटतें.