हात सोडून उडणारा वैमानिक

लॉरेन्स स्पेरी याचा जन्म २१ डिसेंबर १८९२ रोजी अमेरिकेतील शिकागो शहरी झाला. त्याचे वडील एल्मर स्पेरी हे नामांकित संशोधक होते. वेगाने फिरणारा भोवरा ताठ उभा राहतो, हे सर्वांच्या परिचयाचे आहे. भोवऱ्याच्या याच गुणावर आधारलेल्या ‘जायरोस्कोप’ नावाच्या यंत्राने त्यांनी समुद्रावरील जहाजांचे हेलकावे कमी केले होते. तोच भोवरा विमानात बसवावा, असा ध्यास लॉरेन्सने घेतला.

त्या काळी विमान चालवणे मोठे जोखमीचे होते. वाऱ्याचा झोत आला की पंख कलत. विमानाचे नाक प्रमाणाबाहेर वर गेले, तर वेग घटून ते कोसळे. वैमानिकाला क्षणाचीही उसंत नसे. लॉरेन्सच्या यंत्रातील भोवरे आपली दिशा सोडत नसत. विमान कलले की तो फरक यंत्राला कळे आणि ते पंखांच्या व शेपटीच्या झडपा हलवून विमान पूर्ववत करी.

१८ जून १९१४ रोजी पॅरिसजवळ सीन नदीवर विमान-सुरक्षेची स्पर्धा भरली. लॉरेन्सने उडत्या विमानात दोन्ही हात उंच केले. त्याचा साहाय्यक तर चक्क पंखावर चालत गेला! तरीही विमान डळमळले नाही. प्रेक्षक थक्क झाले. एकवीस वर्षांच्या त्या तरुणाला पन्नास हजार फ्रँकचे पारितोषिक मिळाले.

पुढे पहिल्या महायुद्धात पितापुत्रांनी वैमानिकाविना उडणारे विमान बनवले. हेतू शस्त्राचा होता. अनेक प्रयत्न फसले. अखेर ६ मार्च १९१८ रोजी ते सुमारे एक हजार यार्ड उडाले. आजच्या ड्रोनचा हा पूर्वज होय.

१३ डिसेंबर १९२३ रोजी लॉरेन्स इंग्लंडहून लहानशा विमानाने एकटाच निघाला. हवा धुकट होती. इंग्लिश खाडी ओलांडताना विमान समुद्रात उतरले आणि लॉरेन्स बुडाला. एकतिसावा वाढदिवस अवघ्या आठ दिवसांवर होता.

समतोल राखणे निराळे आणि मार्ग ठरवणे निराळे. समजा, एक ड्रोन सेकंदाला दहा मीटर पुढे जातो व एक मीटर वर चढतो. पाचशे मीटरवरील टेकडी त्याच्यापेक्षा ऐंशी मीटर उंच आहे. पन्नास सेकंदांत तो टेकडीपाशी पोहोचेल, पण चढलेला असेल पन्नासच मीटर! समतोल उत्तम असूनही तो टेकडीवर आदळेल. म्हणून उड्डाणापूर्वीच टेकड्यांची उंची, ड्रोनच्या चढण्याचा वेग, वारा आणि हवा यांचा हिशेब करून मार्ग आखावा लागतो.

विमानाला सावरणारे यंत्र लॉरेन्सने जगाला दिले. त्या यंत्राला सुरक्षित वाट दाखवणे हे मात्र माणसाच्या विवेकाचे काम आहे.