नृत्यास अक्षररूप देणारा जॉन प्लेफर्ड

कवीचे काव्य कागदावर राहते, शिल्पकाराची मूर्ती पाषाणात राहते. परंतु नृत्य संपले की त्याची खूण भूमीवरही उरत नाही. नाचणारी पिढी गेली म्हणजे तिच्याबरोबर तेही जाते. इंग्लंडातील शेकडो समूहनृत्ये ह्या विस्मृतीतून ज्याने वाचविली, त्या पुस्तकविक्रेत्याचे चरित्र आम्ही आज आमच्या विद्यार्थी वाचकांपुढे व त्यांच्या पालकांपुढे ठेवीत आहोत.

जॉन प्लेफर्ड याचा जन्म १६२३ साली नॉरिच शहरी झाला. लंडनमधील एका पुस्तकविक्रेत्यापाशी सात वर्षे उमेदवारी केल्यावर १६४७ साली त्यास स्वतंत्र धंद्याचा अधिकार मिळाला, व टेंपल चर्चच्या दाराजवळ त्याने दुकान थाटले. तो काळ मोठा कठीण होता. नाटकगृहे १६४२ पासून बंद होती. १६४९ साली राजा पहिला चार्ल्स याचा शिरच्छेद झाला. आणि त्याच वर्षी राजपक्षाचे साहित्य छापल्यावरून प्लेफर्ड यास पकडण्याचा हुकूम निघाला. अशा दिवसांत, १६५१ साली, त्याने 'इंग्लिश डान्सिंग मास्टर' हा ग्रंथ प्रसिद्ध केला. काळ विषयास अनुकूल नाही हे तो जाणून होता. परंतु ह्याच नृत्यांची एक सदोष प्रत परभारे छापली जाण्याच्या बेतात होती, म्हणून आपणास पुढे यावे लागले, असे त्याने प्रस्तावनेत सांगितले आहे.

ग्रंथात सुमारे १०५ नृत्ये होती. प्रत्येकाची सुरावट वर व कृती खाली. पुरुषासाठी एक खूण, स्त्रीसाठी दुसरी. आणि सुरावटीचा कोणता भाग किती वेळा वाजवावा हे दाखविणारी चिन्हे. काही नृत्ये वर्तुळात, काही चौकात, तर काही समोरासमोरच्या दोन लांब ओळींत करावयाची. ह्या शेवटल्या प्रकारात हवी तितकी जोडपी उभी राहू शकत. पहिले जोडपे शेजारच्या जोडप्याबरोबर ठराविक हालचाली करून एक जागा खाली सरके, व तोच क्रम पुन्हा सुरू होई. म्हणून असे नवे नृत्य रचणे दिसते तितके सोपे नव्हे. हालचाली सुरावटीबरोबरच संपल्या पाहिजेत, आणि प्रत्येक जोडपे नेमक्या जागी पोहोचले पाहिजे. एक पाऊल चुकले तर सगळ्या ओळीचा गोंधळ होतो. आमच्याकडील गोफ ज्यांनी विणला आहे, त्यांस हे सहज पटेल.

ही नृत्ये मुळात कोणी रचली, हे ग्रंथात बहुधा नमूद नाही. प्लेफर्डचे श्रेय निराळे आहे. एकदा छापून तो स्वस्थ बसला नाही. दुसरी आवृत्ती पुढल्याच वर्षी निघाली. त्याच्या हयातीत एकंदर सात निघाल्या. दर वेळी दुरुस्त्या होत, जुनी नृत्ये गळत, नवी येत. लांब ओळींची नृत्ये लोकांस विशेष आवडली, तशी ग्रंथातही त्यांची संख्या वाढत गेली.

तो केवळ नृत्याचाच भोक्ता होता असे मात्र कोणी समजू नये. १६५३ पासून तो टेंपल चर्चचा क्लार्क होता. १६५४ साली त्याने संगीतशिक्षणाचे सुबोध पुस्तक काढले, आणि १६७७ साली तीन स्वरांत बसविलेली स्तोत्रसंहिता प्रसिद्ध केली. त्याची पत्नी हॅना इझलिंग्टन येथे मुलींची निवासी शाळा चालवीत असे. तेथे वाचन, लेखन, संगीत, नृत्य व फ्रेंच भाषा हे विषय शिकविले जात.

१६८६ च्या सुमारास तो निवर्तला. थोर संगीतकार हेन्री पर्सेल याने त्याच्या निधनावर शोकगीताची रचना केली. पुत्र हेन्री याने व त्यामागून इतरांनी ग्रंथ चालू ठेवला. अठरावी आवृत्ती १७२८ च्या सुमारास निघाली. हीच नृत्ये फ्रान्सात काँत्रदान्स ह्या नावाने गेली, आणि अमेरिकेच्या न्यू इंग्लंड प्रांतात काँट्रा नृत्य म्हणून आजही नाचली जातात. सेसिल शार्प याने १९११ साली प्लेफर्डच्या पानांवरून जुनी नृत्ये उलगडून दाखविली, तेव्हा अडीचशे वर्षांपूर्वीचे ते लेखन पुन्हा पावलांत उतरले.

ह्या चरित्रापासून आम्ही एवढा बोध घेतो की, चांगली गोष्ट सुचणे हे अर्धेच काम होय. परक्या माणसालाही ती जशीच्या तशी करता यावी इतकी स्पष्ट लिहिणे, आणि पुनःपुन्हा तपासून निर्दोष करणे, हे उरलेले अर्धे होय.