व्यसनामागचा माणूस पाहणाऱ्या डॉ. अनिता अवचट

ऐंशीच्या दशकात मुंबई-पुण्याच्या गल्लीबोळांत गर्द, म्हणजे ब्राऊन शुगर, पसरली. डॉ. अनिता अवचट तेव्हा येरवड्याच्या सरकारी मनोरुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ होत्या. पती अनिल अवचट वैद्यकी सोडून लेखनाकडे वळलेले. घर अनिताताईंच्या पगारावर चाले. अनिल यांचे गर्दवरचे लेख वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी एक लाख रुपये देऊ केले आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी त्याच मनोरुग्णालयाच्या आवारात ‘मुक्तांगण’ सुरू झाले.

गर्द थांबवली की अंग ठणकते, उलट्या-जुलाब होतात, झोप उडते. व्यसनी याला ‘टर्की’ म्हणतात. आठ-दहा दिवसांत हा त्रास बहुतेक ओसरतो. खरे काम त्यानंतरचे. नशा शरीरातून गेली तरी अपमान, न्यूनगंड, घरातला अबोला, मित्रांत कमी पडण्याची भीती जागच्या जागी असते, आणि त्यावर मनाला एकच उतारा ठाऊक असतो. म्हणून तिथे औषधांच्या जोडीला समुपदेशन, गटचर्चा आणि घरच्यांशी संवाद आला. रुग्णाला ‘रुग्णमित्र’ म्हटले गेले. चोऱ्या करून, खोटे बोलून घरचा विश्वास गमावलेल्या मुलावर अनिताताईंनी आधी विश्वास टाकला. व्यसनातून बाहेर पडलेल्यांनाच केंद्रात कामाला घेतले. मला हा त्यांचा सर्वांत धाडसी निर्णय वाटतो.

कारण इथे सोलापुरात आमच्या ओपीडीत बायका, आया आजही विचारतात की, दारू सोडवायला जेवणातून गुपचूप देण्याचे औषध मिळेल का. त्यांचा जीव मेटाकुटीला आलेला असतो, हे कळते. पण तसे औषध देता येत नाही. डायसल्फिराम पोटात आहे हे ठाऊक नसताना माणूस दारू प्यायला, तर रक्तदाब कोसळून जिवावर बेतू शकते. शिवाय फसवणूक उघडी पडली की तो दवाखान्याची पायरी सहसा पुन्हा चढत नाही. त्याच्याशी बोलावेच लागते. तो पुन्हा घसरला तरी दार उघडे ठेवावे लागते. मधुमेह्याची साखर वाढली म्हणून आपण त्याला हाकलतो का?

अनिताताईंना पुढे कर्करोगाने गाठले. आजारपणातही त्या काम करत राहिल्या. १९९७ साली त्या गेल्या. त्यांची मुलगी मुक्ता पुणतांबेकर मानसशास्त्र शिकून याच कामात आली. व्यसनींच्या पत्नींसाठी तिथे ‘सहचरी’ गट चालतो. नवऱ्याइतकेच त्यांनाही बोलायचे असते.