उशिरा आलेला शिष्य : संत निळोबाराय



आजचं वाचन : भगवद्गीता, अध्याय ६, श्लोक ५.

या श्लोकात भगवंत अर्जुनाला सांगतात की माणसाने स्वतःच स्वतःला वर काढावं, खचू देऊ नये. आपला मित्र आपणच आणि शत्रूही आपणच. श्लोक कॉलेजपासून पाठ होता. पण आपणच आपले शत्रू कसे होतो, ते मला नोकरीत कळलं. मिटिंगमध्ये उत्तर माहीत असायचं, तरी तोंड उघडायचं नाही. वाटायचं, आपल्यापेक्षा हुशार लोक बसलेत, आपण काय बोलायचं!

हीच शंका नंतर साधनेतही शिरली. मी दौंड तालुक्यातला. दरवर्षी तुकोबांच्या पालखीबरोबर यवत ते वरवंड चालतो. एकच दिवस. सोमवारी परत लॅपटॉप. शेजारून चालणारे आजोबा देहूपासून निघालेले असतात आणि थेट पंढरीला पोचणार असतात. त्यांच्याकडे बघितलं की वाटतं, हे खरे वारकरी. आपण नुसते सुट्टीचे. तुमच्यापैकी किती जणांना असं वाटतं?

म्हणून आज निळोबारायांबद्दल लिहितोय. माझी सासुरवाडी शिरूरची, त्यामुळे हे नाव घरात येता-जाता कानावर पडतं.

परंपरा सांगते की निळोबांचं घराणं शिरूरचं, म्हणजे घोडनदीचं. घरात कुलकर्णी वतन. गावाचा हिशेब ठेवणं, दप्तर सांभाळणं हे पिढीजात काम. वडील मुकुंदपंत, आई राधाबाई, पत्नी मैनाबाई. शिरूरजवळच्या रामलिंगाची पूजा हा त्यांचा नेम होता असं सांगतात. म्हणजे सगळं लागी लागलेलं. आजच्या भाषेत पक्की नोकरी, गावात मान, घरात देवधर्म. तरी मन रमेना. शेवटी वतनाचा मोह सोडून ते पत्नीसह बाहेर पडले. पुढे पारनेर तालुक्यातलं पिंपळनेर हे त्यांचं गाव झालं.

मनाने ते तुकोबांचे झाले होते. पण एक मोठी अडचण होती. तुकाराम महाराज १६५० सालीच वैकुंठाला गेले होते. ज्यांना गुरू मानलं त्यांना डोळ्यांनी पाहिलेलं नाही, त्यांचा हात डोक्यावर पडलेला नाही. त्या काळात गुरूशिवाय परमार्थ म्हणजे अर्धवटच समजला जाई. अशा वेळी कुणाच्याही मनात येईल की गाडी चुकली, आता आपण बाहेरचेच.

निळोबांना आधार मिळाला तो तुकोबांचे धाकटे चिरंजीव नारायण महाराज यांचा. तुकोबांच्या पादुका पालखीत ठेवून आषाढी वारी नेण्याची प्रथा त्यांनीच १६८५ च्या सुमारास घातली. आज वरवंडला जी पालखी उतरते, ती त्यांच्यापासूनची. आणि गंमत बघा, तुकोबा गेले तेव्हा नारायण महाराज आईच्या पोटात होते. वडिलांना त्यांनीही कधी पाहिलं नव्हतं! न पाहिलेल्या माणसाचा वारसा कसा चालवायचा, हे त्यांच्याइतकं कोण सांगणार? त्यांच्याकडून तुकोबांचं चरित्र आणि अभंग ऐकताना निळोबांची ओढ आणखी वाढली.

मग त्यांनी तुकोबांच्या भेटीसाठी धरणं धरलं. अन्नपाणी सोडलं, अखंड नामस्मरण सुरू केलं. संप्रदायात सांगतात की त्यांची निष्ठा पाहून आधी प्रत्यक्ष पांडुरंग समोर उभे राहिले. निळोबांनी नमस्कार केला, पण आपण बोलावलं होतं ते तुकोबांना, हेही नम्रपणे सांगितलं. त्यानंतर तुकोबांनी दर्शन दिलं आणि उपदेश केला.

ही कथा मी लहानपणी चमत्कार म्हणून ऐकली होती. आता वाचताना मी वेगळ्याच जागी थांबतो. ज्याला स्वतःबद्दल शंका असते, तो मिळेल ते घेऊन मोकळा होतो. आपली लायकी एवढीच, असं त्याला वाटत असतं. निळोबांसमोर तर साक्षात देव उभा होता. तरीही आपल्याला नेमकं काय हवंय याची त्यांना खात्री होती, आणि ते मागायला ते लाजले नाहीत. उणीव त्यांच्यातही होतीच. गुरूची भेट झाली नव्हती, हे खरंच होतं. पण त्या उणिवेवरून त्यांनी स्वतःला नापास केलं नाही. तीच उणीव घेऊन ते देवाच्या दारात बसले. मला वाटतं, शंका आणि तळमळ यांच्यात फरक असतो तो इथे. कमी आहे हे दोघींनाही दिसतं. शंका म्हणते परत फिर, तळमळ म्हणते दार वाजव.

आणि तुकोबांना तरी गुरू कसा भेटला होता? बाबाजी चैतन्यांनी त्यांना स्वप्नातच मंत्र दिला होता. तिथेही ना कुणी साक्षीदार, ना कसला दाखला.

उपदेशानंतरचे निळोबा मोकळे झालेले दिसतात. त्यांच्या गाथेत हजाराहून जास्त अभंग आहेत. कृष्णाच्या बाळलीला आहेत, गवळणी आहेत, चांगदेवांचं चरित्र आहे. सगळीकडे तुकोबांबद्दलची कृतज्ञता आहे. आपण खरे शिष्य की खोटे, हा हिशेब त्यांनी मिटवून टाकला होता. हिशेबाचं दप्तर शिरूरला सुटलं होतं, मनातलं दप्तर इथे सुटलं. पिंपळनेरलाच त्यांची समाधी आहे. जो माणूस तुकोबांच्या काळाला मुकला, त्याचेच अभंग आज कीर्तनकार निरूपणाला घेतात, आणि आषाढीला पिंपळनेरहून त्याची पालखी पंढरीला जाते.

आता वरवंडच्या वाटेवर ते आजोबा भेटले की मी स्वतःला त्यांच्याशी मोजत बसत नाही. एक दिवस तर एक दिवस, तेवढा मनापासून चालतो. मिटिंगमध्ये अजूनही छातीत धडधडतं, पण बोलतो.

आजचा नेम : आपण कशात कमी पडतो असं वाटतं, ती एक गोष्ट वहीत लिहा. खाली निकाल लिहू नका. त्याच गोष्टीची प्रार्थना करा, आणि मग पाच मिनिटं नाम घ्या.

उद्या याच अध्यायातला सहावा श्लोक.

राम कृष्ण हरी.